घरच्या घरी रंगीत लेसर प्रोजेक्टर : प्रकाश सर्वांत शेवटी

लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेसर, त्यांना एका रेषेत आणणारे दोन आरसे आणि ती रेषा भिंतीवर नाचवणारे आणखी दोन चिमुकले आरसे. यंत्र एवढंच आहे. तरी माझ्याकडे "जरा बघा ना, काय झालंय" म्हणून जे डबे येतात, त्यांत बहुतेक वेळा तेच सापडतं : एक डायोड (लेसर निर्माण करणारा चिमुकला भाग) मेलेला, पांढऱ्याच्या जागी जांभळा आणि प्रत्येक अक्षराला शेपूट. मूळ चूक सुट्या भागांची नसते, क्रमाची असते. पार्सल फोडलं की आधी लेसर पेटवून बघायचा मोह आवरत नाही.

खालच्या क्रमात खरा डायोड सातव्या टप्प्यावर येतो. तोपर्यंत सगळी जोडणी त्याच्याशिवाय तपासून झालेली असते. वेळ जास्त लागतो, पण डायोड मरत नाहीत आणि डोळे शाबूत राहतात.

१. आधी डोळ्यांची व्यवस्था

१ मिलिवॉटपर्यंतचा दृश्य लेसर चुकून डोळ्यात गेला तर पापणी मिटेपर्यंतचा पाव सेकंद निभावून जातो. आपण बांधणार आहोत तो प्रोजेक्टर छोटा असला तरी १५० मिलिवॉटचा, म्हणजे लेसरच्या धोक्याच्या श्रेणींतल्या ३बी वर्गातला. इथे पापणी कामाला येत नाही. दृष्टिपटलावर भाजलेला डाग भरून येत नाही आणि त्या क्षणी दुखतही नाही, म्हणून माणूस तसाच काम करत राहतो.

२०२३ च्या गणपती मिरवणुकांनंतर दृष्टिपटलाला इजा झालेली तरुण मुलं आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांकडे आली आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात लेसर झोतांना मनाई केली. ते झोत आपल्या यंत्राहून कितीतरी ताकदवान होते, पण इजा होण्याची रीत एकच.

चष्म्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की एक चष्मा घेतला की झालं. नारिंगी काचेचा चष्मा निळा आणि हिरवा अडवतो, पण लाल सरळ आत सोडतो. लाल अडवणारा चष्मा वेगळा असतो. तिन्ही अडवणारा घातला तर भिंतच दिसेनाशी होते. म्हणून दोन चष्मे घ्या आणि जुळणी करताना एका वेळी एकच रंग चालू ठेवा. काचेवर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी आकडा छापलेला हवा. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो. आकडा नसेल तर तो चष्मा नाही, रंगीत प्लास्टिक आहे.

इशारा : हातातलं घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवा. टेबलावर चकचकीत स्क्रूड्रायव्हर पडू देऊ नका. किरणाची उंची बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांशी जुळणार नाही असं बघा आणि खोलीचं दार आतून लावून घ्या. घरात लहान मूल असेल तर काम रात्री, ते झोपल्यावर.

२. किती ताकद आणि कोणत्या तरंगलांब्या

खरेदीतली चूक इथेच होते. जाहिरातीत "१ वॉट आरजीबी" लिहिलेलं असतं आणि त्यातला बहुतेक वॉट निळा असतो, कारण निळे डायोड स्वस्तात ताकदवान मिळतात. पण मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो. त्याला १ धरलं तर ५२० च्या हिरव्याला ०.७१, ६३८ च्या लालला साधारण ०.१९ आणि ४५० च्या निळ्याला जेमतेम ०.०४. त्यामुळे निळा वाढवला की उजेड वाढत नाही, नुसता जांभळेपणा वाढतो आणि धोका मात्र पूर्ण वाढतो.

६३८, ५२० आणि ४५० नॅनोमीटर या त्रिकुटातून दिवसाच्या उजेडासारखा पांढरा हवा असेल तर ताकदीचं प्रमाण लाल : हिरवा : निळा = ५ : ३.५ : २ असं बसतं. वहीत लिहून ठेवा. पहिल्या प्रोजेक्टरसाठी मी सांगतो ते आकडे : लाल ७० मिलिवॉट, हिरवा ५०, निळा ३०. अंधाऱ्या खोलीत तीन मीटर भिंतीवर हे भरपूर होतं.

हिरव्यासाठी ऑसरामचा पीएल ५२० (५० मिलिवॉट) आणि निळ्यासाठी पीएल ४५०बी (८० मिलिवॉटचा, पण आपण ३० वरच चालवायचा) असे डायोड चांगले, कारण त्यांचा किरण बारीक राहतो. लाल ६३८ चाच घ्या. जुन्या डीव्हीडी बर्नरमधला ६६० चा फुकट मिळतो खरा, पण तेवढ्याच लालीसाठी तो जवळजवळ तिप्पट ताकदीने चालवावा लागतो.

हिरव्यात ५३२ चा स्फटिकवाला लेसर टाळा. तो पटकन चालू-बंद होत नाही, तापमान बदललं की मंदावतो आणि स्वस्त मालात न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो.

३. सामानाची जमवाजमव

गॅल्वो जोडी, म्हणजे ते दोन हलणारे आरसे, त्यांना चालवणाऱ्या ड्रायव्हर पाट्या (सर्किट बोर्ड) आणि वीजपुरवठा, ही एकाच संचात घ्या. २० किंवा ३० केपीपीएस हा आकडा सेकंदाला किती हजार बिंदू ते सांगतो, पण फक्त ८ अंशांच्या कोनात. कोन वाढवला की वेग पडतो. हे न वाचता लोक भिंतभर चित्र पसरतात आणि मग ते थरथरतं म्हणून तक्रार करतात.

संगणकाकडून आकडे घेऊन व्होल्टेज देणारा डॅक तयारच घ्या. हेलिओस हा यूएसबीवर चालणारा १२ बिटांचा डॅक हौशी मंडळींत रुळलेला आहे. एमसीपी ४९२२ आणि टीएल ०८२ या चिप वापरून घरी बनवता येतो, मीही बनवलाय, पण पहिल्या प्रोजेक्टरला नको. चित्र बिघडलं तर दोष डॅकचा की गॅल्वोचा हेच कळत नाही.

लेसर ड्रायव्हर तीन, स्थिर विद्युतप्रवाह देणारे आणि ॲनालॉग मॉड्युलेशनचे, म्हणजे सिग्नलनुसार उजेड कमी-जास्त करणारे. टीटीएल मॉड्युलेशनचे स्वस्त असतात, पण त्यात प्रत्येक रंग एकतर पूर्ण चालू किंवा बंद. एकूण सातच रंग मिळतात. नारिंगी किंवा गुलाबी विसरा. हिरव्या-निळ्या डायोडला ५ व्होल्टवर चालणारे ड्रायव्हर पुरत नाहीत, १२ व्होल्टचे बघा.

ॲल्युमिनियमची पाटी, हीटसिंक, पुरवठे, चावीचं कुलूप-स्विच, लाल मशरूम बटण (संकटात दाबून वीज तोडायचं) हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हिंडून मिळतं. डायोड आणि डायक्रोइक आरसे (एक रंग आरपार सोडून दुसरा वळवणारे) मात्र डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं माहितीपत्रक, दाखवणाऱ्या विक्रेत्याकडूनच मागवा. डायोड १२ मिलिमीटरच्या तांब्याच्या मॉड्यूलमध्ये बसवून, लेन्ससकट आलेला घ्या. हाताने दाबून बसवताना मी दोन वाकवलेत.

४. पाया : उंची आधी, भोकं नंतर

प्लायवूडवर बांधू नका. पावसाळ्यात फुगतं आणि जूनमध्ये जुळवलेले किरण ऑगस्टमध्ये तीन ठिकाणी दिसतात. ८ ते १० मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियम पाटी घ्या.

आता मोजपट्टी. गॅल्वोच्या ठोकळ्यावरच्या पहिल्या आरशाचा मध्य पाटीपासून किती उंच आहे ते मोजा. ती उंची म्हणजे तुमच्या किरणाची उंची. तिन्ही लेसर आणि दोन्ही डायक्रोइक त्या उंचीवर आले पाहिजेत. बरेच जण आधी लेसर बसवतात आणि मग गॅल्वोखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारतात.

मांडणी अशी : लाल सरळ रेषेत, थेट गॅल्वोकडे बघणारा. त्याच्या वाटेत ४५ अंशांत पहिला डायक्रोइक, जो लाल आरपार सोडतो आणि बाजूने येणारा हिरवा वळवतो. पुढे दुसरा, जो लाल आणि हिरवा सोडतो आणि निळा वळवतो. प्रत्येक मॉड्यूल आणि डायक्रोइक स्क्रूने किंचित कलवता येईल अशा बैठकीवर हवा.

तपासणी : डायक्रोइकची लेप असलेली बाजू वळणाऱ्या रंगाकडे हवी. ओळखायची कशी? कागदाचा कोपरा काचेच्या अगदी जवळ न्या, टेकवू नका. लेपाच्या बाजूला कोपरा आणि त्याचं प्रतिबिंब टोकाला टोक भिडतात. उलट बाजूला दोघांमध्ये काचेच्या जाडीएवढी फट दिसते. उलटा बसला तर मुख्य ठिपक्याशेजारी एक फिकट जुळा ठिपका येतो, आणि लोक तो लेन्समध्ये शोधत बसतात.

५. गॅल्वो, लेसरशिवाय

दोन गॅल्वो आणि दोन ड्रायव्हर पाट्या दिसायला सारख्या असतात, पण कारखान्यात प्रत्येक पाटी तिच्याच मोटरशी जुळवलेली असते. सोडवायच्या आधी मार्करने खुणा करा. पुरवठा दुहेरी असतो : अधिक, शून्य आणि वजा. वजा आणि शून्य यांची अदलाबदल झाली तर पाटी तिथेच जाते.

गॅल्वोचा ठोकळा आणि पाट्यांचे ट्रान्झिस्टर पायाच्या पाटीला घट्ट बसवा, मध्ये उष्णता नेणारी पेस्ट. पाट्यांच्या ट्रान्झिस्टरखाली विलगक पत्री विसरू नका. आरशांना बोट लावायचं नाही. धूळ हवेच्या फुग्याने उडवा, डाग असेल तर लेन्स टिश्यूला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे सूक्ष्म थेंब बसतात.

वीज दिली की आरसे एक झटका घेऊन मध्यावर येतात आणि गप्प राहतात. शिट्टीसारखा किंवा गुंजारवासारखा आवाज सुरू झाला तर दोन सेकंदांत बंद करा. बहुतेकदा मोटर आणि पाटी यांची अदलाबदल झालेली असते. आवाज चालू ठेवून कारण शोधत बसलात तर मोटरची गुंडाळी जळते.

गप्प राहिले तर डॅक जोडा आणि वर्गात वापरतात तसला १ मिलिवॉटखालचा लाल पॉइंटर पहिल्या आरशावर धरा. भिंतीवर चौकोन उमटला पाहिजे. आडवा-उभा उलटा असेल तर सॉफ्टवेअरमधून फिरवा, वायरी कापू नका.

६. सिग्नल आणि तोडण्याची साखळी

डॅकच्या २५ पिनांच्या जोडावर इल्डा (लेसर शोवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) मानकाची रचना असते : १ आणि १४ आडव्यासाठी, २ आणि १५ उभ्यासाठी, ५-१८ लाल, ६-१९ हिरवा, ७-२० निळा, २५ ग्राउंड. पिन ४ आणि १७ ही सुरक्षेची जोडी, आणि १३ शटरची.

पूर्ण पांढरं चित्र लावून पिन ५ आणि ग्राउंड यांत मल्टिमीटर धरा. ५ व्होल्ट आले तर ड्रायव्हरचं मॉड्युलेशन थेट तिथून घ्या. २.५ च आले तर तुमचा डॅक खरा डिफरन्शियल आहे. उरलेले २.५ पिन १८ वर उलट दिशेने असतात. अशा वेळी पिन १८ ग्राउंडला चिकटवू नका, मध्ये दोन्ही पिनांतला फरक काढणाऱ्या ऑप-ॲम्प चिपची एक पायरी घाला. "लेसर अर्धाच पेटतो" ही तक्रार निम्म्या वेळा इथली असते.

तिन्ही मॉड्युलेशन तारांवर ग्राउंडकडे १० किलोओहमचा रोध लावा. डॅकची वायर निघाली किंवा संगणक सुरू होत असेल तेव्हा तार अधांतरी राहते आणि काही ड्रायव्हर त्याला "पूर्ण चालू" समजतात. रोध दोन रुपयांचा आहे.

लेसरच्या पुरवठ्यात एकामागोमाग चावी, मशरूम बटण आणि पेटीच्या झाकणाचा स्विच टाका. यांपैकी काहीही तुटलं की लेसर बंद, गॅल्वो मात्र चालू. वीज देण्याचा क्रम कायमचा ठरवा : गॅल्वो, मग डॅक, मग लेसर. बंद करताना उलट.

७. ड्रायव्हर आधी खोट्या डायोडवर, मग खऱ्यावर

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि सगळे डायोड इथेच मरतात.

१एन४००७ हे साधे डायोड (लेसरचे नव्हेत) ओळीने जोडा, लालसाठी ३, हिरव्या-निळ्यासाठी ७, आणि शेवटी १ ओहम, १ वॉटचा रोध. हा डमी लोड. रोधावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर प्रवाह. ड्रायव्हरचा प्रवाहाचा स्क्रू आधी पूर्ण कमी करा, मॉड्युलेशनला ५ व्होल्ट द्या आणि हळूहळू वर न्या. डेटाशीटमधल्या नेहमीच्या प्रवाहाच्या निम्म्यावर थांबा. बाकीचं नंतर.

तपासणी : मॉड्युलेशन शून्य केल्यावर रोधावरचा आकडा खाली येतो ना? डायोडच्या उंबरठा-प्रवाहापेक्षा (ज्याच्या खाली लेसर पेटत नाही) कमी राहतो ना? वीज चालू-बंद दहा वेळा करून बघा, मधेच उसळी येते का.

आता डायोड. माझा पहिला निळा डायोड असा गेला : डमी लोडवर सगळं नीट जुळलं, स्विच बंद केला, डमी काढला आणि लगेच डायोड डाखला. ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये भार तसाच होता. क्षणभर टिचकी वाजावी तसा निळा लखलखाट झाला, आणि नंतर वीज दिली तर भिंतीवर किरण नाही, नुसती मंद निळी टिकली. एलईडीसारखी. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून : वीज बंद. ड्रायव्हरच्या आउटपुटवर १०० ओहमचा रोध काही सेकंद धरून कपॅसिटर रिकामा करा, मीटरवर शून्य बघा. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, सोल्डरिंग आयर्न तीन पिनांचं. डायोडच्या दोन पायांना आधी एक बारीक तार गुंडाळून शॉर्ट करा, वायरी तीन सेकंदांच्या आत डाखा, मग ती तार काढा. काही डायोडांचा एक पाय धातूच्या आवरणाला आतून जोडलेला असतो. मीटरने तपासा, आणि तसं असेल तर मॉड्यूल पाटीपासून विलग ठेवा, नाहीतर तीन ड्रायव्हर पाटीतूनच एकमेकांशी बोलू लागतात.

आता चष्मा. एकच रंग. समोर काळा, खरखरीत कागद. मग वीज.

८. तीन किरण, एक रेषा

आधी प्रत्येक किरणाची लेन्स. ठिपका एका मीटरवर बारीक करू नका, पुढे तो फाकतो. घरातल्या सर्वांत लांब भिंतीवर, आठ-दहा मीटरवर, बारीक करा. लेन्सचा आटा सैल असेल तर नळाला लावतो ती पांढरी टेप एक वेढा गुंडाळा.

ठिपका गोल नसतो, लांबट असतो. तिन्ही मॉड्यूल गोल फिरवून लांबी एकाच दिशेला आणा. डायक्रोइक ध्रुवीकरणानुसार (प्रकाशलहरी कोणत्या दिशेने डोलतात त्यानुसार) थोडं वेगळं वागतो, त्यामुळे फिरवल्यावर एखादा रंग मंदावला तर तिन्हींसाठी दुसरी दिशा निवडा.

जुळणीत लाल हा खुंटा. त्याला आधी पहिल्या गॅल्वो आरशाच्या बरोबर मध्यावर आणा आणि नंतर हात लावू नका. डायक्रोइकजवळ आणि लांबच्या भिंतीवर लालचा मध्य पेन्सिलने खूण करा. लाल बंद करा, चष्मा बदला, हिरवा अगदी मंद चालू करा.

जवळची खूण चुकली तर हिरव्याचं मॉड्यूल हलवा. लांबची चुकली तर डायक्रोइक कलवा. हे दोन कधी उलटे करू नका. लांबचं नीट केलं की जवळचं बिघडतं, जवळचं केलं की लांबचं. दर फेरीला चूक कमी होते, पाच-सहा फेऱ्यांत दोन्ही खुणांवर बसतो. नुसता डायक्रोइक कलवून लांबचा ठिपका जुळवला तर भिंतीवर सुंदर दिसतं, पण प्रोजेक्टर शेजारच्या खोलीत नेला की रंग सुटे होतात. मग निळा, त्याच पद्धतीने.

तपासणी : स्क्रू घट्ट केल्यावर पुन्हा बघा. घट्ट करतानाच अर्धा मिलिमीटर सरकतं. मग वीस मिनिटं चालवून, तापल्यावर, आणखी एकदा.

९. पांढरा

प्रत्येक ड्रायव्हरला दोन गोष्टी जुळवायच्या : शून्य व्होल्टला अगदी विझलेला आणि जरासा सिग्नल देताच पेटणारा, हा उंबरठा, आणि ५ व्होल्टला ठरलेली ताकद. दोन्ही स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून पुन्हा पुन्हा. ताकद मोजायला पॉवर मीटर उसना मिळाला तर उत्तम. नसेल तर डेटाशीटच्या आलेखावरून प्रवाह ठरवा आणि थोडं खालीच राहा.

मग पांढऱ्या भिंतीवर, रंगीत नको, मोठं पांढरं वर्तुळ फिरवा. सर्वांत अशक्त रंग पूर्ण ठेवा आणि बाकीचे खाली आणा. लोक उलट करतात : अशक्त रंगाचा प्रवाह चढवत जातात आणि आठवड्याभरात तो डायोड गमावतात. पूर्ण उजेडाचा पांढरा जमला तरी मंद पांढरा गुलाबी दिसू शकतो. तो दोष उंबरठ्याचा, ताकदीचा नाही.

१०. शेपट्या आणि चाचणी आकृती

लेसर क्षणात विझतो, आरशाला मात्र वजन आहे, तो मागून येतो. त्यामुळे अक्षराच्या शेवटी भलती रेघ उमटते किंवा कोपरा खाल्ला जातो. सॉफ्टवेअरमध्ये रंग काही बिंदू उशिरा पाठवायची सोय असते. एकेक बिंदू वाढवत रेघ जाईपर्यंत जा. वेग बदलला की ही संख्या पुन्हा ठरवावी लागते.

आता इल्डाची चाचणी आकृती, ८ अंशांत, गॅल्वोच्या ठरलेल्या वेगाने. मधलं वर्तुळ आतल्या चौकोनाला चारी बाजूंनी आतून जेमतेम टेकलं पाहिजे. बाहेर आलं किंवा लहान राहिलं तर आधी वेग तपासा, मग पुरवठ्याचे व्होल्ट. गॅल्वो पाटीवरचे छोटे स्क्रू शेवटचा उपाय, आणि त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटो पाटीचा काढा. चालू किरणासमोर कॅमेरा धरलात तर त्याच्या सेन्सरवर कायमची रेघ पडते.

आरसे अडकले तर सगळी ताकद एका ठिपक्यात येते. म्हणून चालू प्रोजेक्टर एकटा सोडायचा नाही, किरण उभ्या माणसाच्या डोक्याच्या बराच वर, आणि प्रेक्षकांवर कधीही नाही. खिडकीबाहेर, गच्चीवरून आकाशात तर मुळीच नाही. विमानतळाच्या आसपास तो पोलिसी मामला होतो. मी पेटीच्या तोंडाशी खालच्या बाजूला काळी पत्र्याची पट्टी स्क्रूने लावून ठेवतो. सॉफ्टवेअर कितीही चुकलं तरी त्या पट्टीखाली किरण उतरत नाही.